माया सोडलेला दिवा

"माया सोडा. माणूस काही आहे तेवढाच राहत नाही."

टाचणीकाकूंचं हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आमच्या गल्लीत शोधून सापडला नसता. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दुमडून ठेवतात, पुढेमागे उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. शिवणकामात त्याला माया म्हणतात. बाकीचे शिंपी बोटभर माया सोडत. काकू दोन बोटं सोडत, आणि गिऱ्हाईक गालांनी भरलेलं दिसलं तर तीन. त्यांनी शिवलेला कोट आतून उघडून बघितला तर आत आणखी अर्धा कोट निघे. लोक म्हणत, काकूंचा कपडा फाटत नाही, माणूसच आधी जातो.

टाचणीकाकू हे नाव त्यांना तोंडावरून पडलं. सकाळी मशीनवर बसल्या की ओठांत टाचण्यांची रांग धरायच्या ती दिवेलागणीला काढायच्या. त्यामुळे त्यांचं बोलणं ओठांच्या कडेनं, दोन-तीन शब्दांत व्हायचं. नवख्याला वाटे बाई तुसडी आहे. तसं नव्हतं. तोंड उघडलं तर टाचण्या सांडतील एवढीच अडचण. टाचण्या बाजूला काढून काकू बोलायला लागल्या म्हणजे समजावं, कुठेतरी मोठं उसवलं आहे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मध्ये पडदा. पडद्याच्या मागे मशीन, कापडांचे गठ्ठे आणि काकू. पुढे काउंटर आणि काका. मशीनच्या आवाजात दारात कोण आलं ते काकूंना कळत नसे, म्हणून पुढे माणूस लागे. तो माणूस काका.

काकांनी उभं आयुष्य रोडरोलर चालवला. या तालुक्यातला कुठलाही डांबरी रस्ता घ्या, तो काकांच्या पोटाखालून गेलेला. रस्ता जिथे चालू तिथे तंबू, तंबू तिथे काका. घरी यायचे ते पाहुण्यासारखे, अंगाला डांबराचा वास घेऊन, आणि एक रस्ता संपून दुसरा सुरू होईपर्यंत राहायचे. काकूंचा संसार असा रस्त्यांच्या मधल्या फटींत झाला. निवृत्त होऊन काका घरी आले तेव्हा काकूंनी पहिल्यांदा रोज दोन कप चहा टाकायला घेतला, आणि कितीतरी दिवस त्यांचा हात एकाच कपाचं पाणी ओतून थबकायचा.

पण काका घरी आले ते कान रोलरवरच ठेवून. एवढ्या वर्षांच्या धडधडीत कान कामातून गेले होते. काका हे कबूल करत नसत. त्यांचं म्हणणं, हल्ली लोकच हळू बोलतात, पूर्वीसारखा दम राहिलेला नाही. त्यात पेपर वाचायची सवय. काउंटरवर दोन्ही हातांनी पेपर ताणून धरला की पेपरच्या अलीकडे काका आणि पलीकडे जग. गिऱ्हाईक यायचं, खाकरायचं, काउंटर वाजवायचं, आणि ठळक बातम्या वाचून निघून जायचं.

असंच एकदा शाळेच्या बाई पडद्यांचं कापड घेऊन आल्या. सगळ्या वर्गांचे पडदे, म्हणजे पुरा हंगामभर पुरेल असं काम. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या, मग पुढच्या चौकातल्या शिंप्याकडे गेल्या. काकांना हे कळलं न्हाव्याकडे, अर्धी दाढी झालेली असताना. उरलेली अर्धी तशीच ठेवून ते घरी आले आणि त्यांनी थोरल्या बहिणीला, आक्कांना, फोन लावला. आक्का दुसऱ्या गावी एकट्या राहत. त्यांच्या घरात एक खोली रिकामी होती आणि ती रिकामी आहे हे त्या दर फोनला सांगत.

काका ओरडून म्हणाले, "शोभेला बसायला मी काय कुंडी आहे? पुढच्या खेपेला येशील तेव्हा मला घेऊनच जा."

पडद्यामागचं मशीन थांबलं. काकूंनी ऐकलं; सगळ्या गल्लीनंच ऐकलं. उसवलेलं शिवता येतं हे काकूंना माहीत होतं, पण ज्या माणसाबरोबर राहायला आत्ता कुठे सुरुवात झाली, तो परत जाणार हे कापड त्यांना कुठून धरावं ते कळेना.

दाराला घंटी लावायची तर काकांना ती ऐकू जाणार नाही, आणि ऐकू जाणार नाही असं काकांना तोंडावर सांगायचं नाही. म्हणजे आवाज बाद. राहिला उजेड.

खडू आणायला स्टेशनरीच्या दुकानात गेल्या तेव्हा काकूंना तो डबा दिसला. झाकणावर हसरी पोरं, त्यांच्या हातात हिरवी पाटी, पाटीतून निघालेल्या रंगीत तारा, आणि तारांच्या टोकाला पेटलेला दिवा. खाली लिहिलेलं, वय वर्षे आठ आणि पुढे. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी? काकूंनी टाचण्यांच्या फटीतून सांगितलं, आठच्या पुढची आहे एक.

गल्लीच्या तोंडाशी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटर क्लास होता. तिथले सर शांत स्वभावाचे, म्हणजे तोवर होते. काकू डबा घेऊन वर गेल्या आणि म्हणाल्या, कुणी दारात आलं की दिवा लागला पाहिजे. सर म्हणाले, सोपं आहे, दुपारी या. त्यांनी डब्यातली एकेक वस्तू दाखवली. ही हिरवी पाटी म्हणजे मेंदू, पण कोरा. जे लिहून द्याल तेवढंच करणार. ही भोकांची पांढरी पट्टी, हिच्यात तारा खोचायच्या. हे दोन डोळ्यांचं यंत्र. ते माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतं, आवाज समोर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून वस्तू किती लांब आहे ते कळतं. ऐकू न येणाऱ्या आवाजाचं काकूंना नवल वाटलं नाही. घरी सगळेच आवाज तसे होते.

डबा घेऊन काकू घरी गेल्या आणि पहिली चूक तिथेच झाली. ती चूक शिवणकाम करणाऱ्या माणसाशिवाय कुणाच्या हातून होणार नाही. डब्यात मुगाएवढे दिवे होते, प्रत्येकाला तारेचे दोन पाय. काकूंनी ते चष्मा लावून पाहिले आणि त्यांना धक्काच बसला. एक पाय लांब, एक आखूड. एकाचा नाही, सगळ्या दिव्यांचा. अशी पँट आपण शिवली असती तर गिऱ्हाईकानं गल्लीत उभं राहू दिलं नसतं, आणि हे लोक खुशाल डब्यात भरून विकतात. काकूंनी कात्री घेतली आणि सगळे पाय सारखे केले.

दुसऱ्या दिवशी सरांनी दिवे पाहिले आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग सांगितलं, की काकू, लांब पाय म्हणजे अधिक, आखूड म्हणजे उणे, ओळखू यावं म्हणून मुद्दामच तसे ठेवलेले असतात. काकू म्हणाल्या, मग तसं डब्यावर लिहायचं. पुढची दुपार दोघांनी प्रत्येक दिवा उलटसुलट खोचून बघण्यात घालवली. पेटला की काकू अधिकाच्या पायाला लाल दोऱ्याची गाठ मारायच्या. मग तारांची टोकंही सुटू नयेत म्हणून त्यांनी गाठी मारल्या. गाठी भोकांत जाईनात, तेव्हा सोडल्या.

लिहिणं मात्र त्यांना लगेच जमलं. सर सांगत होते की प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा, नाहीतर मशीन पुढे जात नाही. इथे सरांचे विद्यार्थी रडकुंडीला येत. काकू म्हणाल्या, म्हणजे टाका संपला की गाठ. त्यांचा अर्धविराम कधी चुकला नाही. दोन बोटांनी एकेक अक्षर वेचत त्या लिहायच्या, आणि चुकलं की कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं रागवायची. काकू ती अक्षरं मान हलवत ऐकून घ्यायच्या. म्हणायच्या, हे आपलं कच्च्या हाताच्या उमेदवारासारखं आहे, डोकं नाही पण सांगितलं ते करतं. असा उमेदवार आम्हाला कधी मिळाला नाही.

खरा घोळ झाला तो मापात. सर म्हणाले, दारापासून पायरीच्या कडेपर्यंतचं माप घ्या. तेवढ्या अंतरात कुणी आलं तर दिवा लागेल. काकूंनी गळ्यातली टेप काढून माप घेतलं. पण मापाइतकंच कापड कापायचं पाप त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. त्यांनी माया सोडली. यंत्र नवं, धुतल्यावर आटतं की नाही माहीत नाही, म्हणून थोडी जास्त सोडली. दिवा किती वेळ पेटता ठेवायचा त्या आकड्यातही सोडली. सरांनी तो मायेचा आकडा पाहिला नाही, कारण काकूंनी तो वेगळ्या ओळीत, आतल्या बाजूला घातला होता. माया दिसू द्यायची नसते.

यंत्राचे दोन डोळे दाराच्या चौकटीवर कमरेच्या उंचीला बसले. दिवा काउंटरवर, काकांच्या पेपराच्या मागे. लाल दिवा, पेपरामधून उजेड झिरपला की बातम्या तांबड्या दिसायच्या. काकूंनी काकांना सांगितलं की दिवा लागला म्हणजे गिऱ्हाईक. एवढंच. काकांनी कारण विचारलं नाही. लाल निशाण दिसलं की थांबायचं आणि हिरवं दिसलं की निघायचं, यात आयुष्य गेलेला माणूस. खुणेला का म्हणून विचारत नाहीत.

पहिल्याच सकाळी दिवा लागला तो विझेना. काका उठले, टोपी घातली, बाहेर गेले. दारात कुणी नव्हतं. ते गल्ली ओलांडून थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेले, भिंतीकडे जरा वेळ पाहिलं आणि परत आले. माया एवढी होती की समोरची भिंतच गिऱ्हाईक ठरली होती. सर धावत आले. काकूंनी नाखुशीनं भिंतीच्या वीतभर अलीकडे माप आणलं. त्याहून कमी करायला त्या तयार होईनात.

म्हणजे अख्खी गल्ली दुकानात आली.

जो कुणी रस्त्यानं जाई त्याच्यावर दिवा लागे. दिवा लागला की काका उठत, टोपी घालत, बाहेर येऊन त्या माणसाच्या दंडाला धरत आणि म्हणत, या, आत या, माप घेऊ. तो म्हणे मी नुसता चाललोय. काका म्हणत, हो हो, बसा. तो म्हणे, अहो मला काही शिवायचं नाही. काका म्हणत, होईल वेळेवर. दगडाशी भांडता येतं, पण हसतमुखानं होकार देणाऱ्या बहिऱ्या माणसाशी कुणी भांडून दाखवावं. पडद्यामागे काकू टेप घेऊन उभ्याच. तोंडात टाचण्या, त्यामुळे चौकशी नाही. गिऱ्हाईक आणणं त्यांचं काम, मापणं माझं, एवढाच त्यांचा हिशेब.

पोस्टमनला पँट झाली. गल्लीत भांडत चाललेल्या नवराबायकोला एकाच कापडाचे दोन कोट झाले. भांडण त्यांनी मापं देता देता पुरं केलं. पुढच्या चौकातला शिंपी आपला धंदा का बसला ते बघायला आला, तर त्यालाही सदरा शिवून मिळाला. तयार कपड्यांच्या दुकानातला काचेमागचा पुतळा हातगाडीवरून नेत होते. काकांनी त्यालाही आत घेतलं. काकू नंतर म्हणाल्या, असं स्थिर गिऱ्हाईक आयुष्यात मिळालं नाही, पोट आत ओढत नाही, श्वास धरत नाही. त्याला त्यांनी तीन बोटं माया सोडली.

मग लोक शहाणे झाले. यंत्र कमरेच्या उंचीला बघतं हे कुणीतरी ताडलं, आणि सगळी गल्ली दुकानासमोरून उकिडवी चालायला लागली. बँकेचे मॅनेजर हातात बॅग घेऊन बदकासारखे जायचे. दूधवाला सायकलवरून उतरायचा, सायकल आडवी करायचा आणि तिच्यासकट सरपटायचा. समोरासमोर आलेली दोन वजनदार माणसं जमिनीलगत एकमेकांना नमस्कार करायची आणि पुढे रांगायची. आपण हे का करतोय असं कुणी विचारत नव्हतं. एका घरी मुलीला बघायला पाहुणे आले तेही उकिडवेच आले. त्यांना वाटलं इथली रीत असेल.

अशात आक्का आल्या. ताठ कण्याची बाई, गुडघ्यात वाकणं माहीत नाही. बॅग घेऊन गल्लीत शिरल्या आणि खाली बघत बघत माणसं ओलांडत आल्या. दिवा लागला. काका बाहेर आले, दंडाला धरून म्हणाले, या, माप घेऊ, आणि मग चेहरा पाहिला. आक्का आत आल्या, त्यांचंही माप झालं. संध्याकाळपर्यंत त्या काउंटरपाशी बसून, चुकून ताठ आलेल्यांना धरायला भावाला उठताबसताना बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तू म्हणालास कुंडी झालोय. मला तर तू पोलीस वाटतोस."

पण त्याच संध्याकाळी गल्लीतली माणसं क्लासवाल्या सरांकडे गेली. गुडघे गेले, म्हणाली. सरांनी सगळी ओळन् ओळ वाचली, आतली ओळ सापडली, आणि ती घेऊन ते काकूंकडे आले. काकूंना चूक कळली. मापात चूक राहू देणं त्यांच्या हाताला ठाऊक नव्हतं. त्यांनी माया कापली. अंतर नेमकं पायरीपर्यंत आलं.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. गल्ली ताठ चालत होती, कामाला जात होती, आणि अंगावर सगळ्यांच्या नवे कपडे होते. आता वर्षभर कुणाला शिंपी लागणार होता? काका पेपर बाजूला ठेवून विझल्या दिव्याकडे बघत बसले. मग उठून आत गेले आणि कपाटावरची ट्रंक खाली काढली. आक्कांनी आपली बॅग भरायला घेतली.

काकूंनी पडदा सारला. तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीला टोचल्या. मग काकांच्या समोर, ओठ दिसतील अशा उभ्या राहून, सावकाश म्हणाल्या,

"अहो, तुम्हाला ऐकू येत नाही. दिवा त्यासाठी केला होता. आणि तो चुकत होता. ती माणसं गिऱ्हाईकं नव्हती."

काकांनी ट्रंकेचं झाकण मिटलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"नाही नाही म्हणायचे ते. ओठ दिसतात की मला. पण पोस्टमनच्या पँटला मागे भोक होतं. मॅनेजरचं कोपर बाहेर आलेलं. रस्ता कधी म्हणतो का, मला दाबा? खड्डा दिसला की दाबायचा."

काकू म्हणाल्या, "मग दिव्याची वाट कशाला बघता? जा की बाहेर, आणा."

काकांना हे बोलणं अडाणीपणाचं वाटलं. ते समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "खूण नसताना गाडी काढायची नसते. दिवा लागत नाही, मी कसा उठू? आणि उठायचंच नाही तर इथे बसून काय करू?"

एवढ्या मोठ्या संसाराचा धागा त्या मुगाएवढ्या दिव्यात अडकला होता.

काकू दारापाशी गेल्या आणि त्यांनी चौकटीवरचं यंत्र काढलं. काकांचा जुना कामावरचा कोट घेतला. हिरवी पाटी आतल्या खिशात बसवली, बॅटरी दुसऱ्या खिशात. दोन डोळे छातीवर आले, जिथे वरचं बटण असतं तिथे. तारा अस्तरातून नेऊन बारीक टाक्यांनी टाचल्या आणि दिवा डाव्या बाहीच्या टोकाला लावला, काकांना चालताना दिसेल असा. मग सरांना वरून खाली बोलावून घेतलं. सर कॉम्प्युटर घेऊन आले, त्याची तार खिशातल्या पाटीला गेली, आणि काकूंनी मापाचा आकडा बदलला. किती ठेवू, असं सरांनी विचारलं. हात पुढे केल्यावर समोरच्याच्या दंडाला पोचेल इतकं, काकू म्हणाल्या. सर बोट उचलून थांबले. आणखी काही घालायचं आहे का, ते विचारायचं त्यांच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. कोट माणसाबरोबर फिरणार होता, त्याला जास्तीची गरज नव्हती.

काकांनी कोट घातला. आक्का चहाचा कप घेऊन जवळ आल्या आणि बाहीवर दिवा लागला. काकांनी दिव्याकडे पाहिलं, आक्कांच्या दंडाला धरलं आणि त्यांच्या बाहीची शिवण बोटांनी चाचपली.

"ही इथे विरलीय," ते म्हणाले. ट्रंक त्यांनी पायानं बाजूला सरकवली.

सकाळी काकूंनी मशीनवर कापड टाकलं. गळ्यात टेप, कमरेला कात्री, हातात पिशवी. काकांनी आणलेलं गिऱ्हाईक जागच्या जागी मापायला त्यांना बरोबर जाणं भागच होतं; आणि एवढ्या वर्षांत काकांचा एकही रस्ता त्यांनी पाहिलेला नव्हता. दोघं पायरी उतरली आणि गल्लीतून निघाली, शेजारी शेजारी. काकांची चाल रोलरची. न डगमगणारी, न थांबणारी, आणि मुंगीला वाट काढायला वेळ मिळेल अशी. काकूंनी आपली पावलं त्या चालीला बसवून घेतली. समोरून कुणी आलं की काकांच्या बाहीवर लाल ठिपका उजळे, काका हात पुढे करत, आणि तो माणूस खाली बसायचा की पळायचा याचा विचार करत उभा राही. तोवर काकूंची टेप त्याच्या खांद्यावर पडलेली असे.

वरच्या खिडकीतून सर बघत होते. दुकानाच्या दारात आक्का बघत होत्या, बॅग खांद्याला लावून. भावाची पाठ दिसेनाशी झाली की निघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण ती पाठ वळणापर्यंत पोचायच्या आतच आक्कांची बस निघून गेली.